हौशी छायाचित्रकाराने फोटो एडिटिंगसाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

आपल्याकडे निकॉनचा डी५६०० कॅमेरा आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीत भटकताना आपण फोटो काढता, आणि अ‍ॅडोबीच्या लाइटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरचे दरमहा शुल्क भरावे की फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर भागवावे, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की, सध्या शुल्क भरू नका. निकॉनचेच एनएक्स स्टुडिओ डाउनलोड करून घ्या आणि ते अपुरे पडू लागले की डार्कटेबल या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरकडे वळा.

मात्र त्याआधी कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन फोटो रॉ स्वरूपात (म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलीत) साठवायला सुरुवात करा, कारण केवळ जेपेग फाइली असतील तर कितीही महागडे सॉफ्टवेअर घेतले तरी त्याला काम करायला फारसा वाव उरत नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. पावसाळ्यात कोकणकड्यावरून काढलेला फोटो घ्या: वर पांढरेशुभ्र ढग आणि खाली काळवंडलेली दरी. दरी उजळवू लागलात की जेपेगमध्ये सावलीच्या भागात डाग आणि पट्टे दिसू लागतात, रॉमध्ये मात्र तिथली झाडी बऱ्यापैकी सुटी होऊन येते. ढगांचे तसे नाही. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, उजव्या कडेला पूर्ण आपटला असेल, तर त्या ठिकाणचा तपशील कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही, म्हणून फोटो काढतानाच एक्सपोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) थोडे कमी ठेवणे श्रेयस्कर.

एनएक्स स्टुडिओ २०२१ साली आले आणि ते निकॉनच्या वापरकर्त्यांना मोफत मिळते. नवशिक्यासाठी त्याचा मोठा गुण म्हणजे ते कॅमेऱ्यातील पिक्चर कंट्रोल (रंग व कॉन्ट्रास्टची ठरलेली शैली) ओळखते, त्यामुळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसले होते जवळपास तेच रंग लॅपटॉपवर दिसतात आणि सुधारणा तिथून पुढे करता येते. एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल), हायलाइट (उजळ भाग), शॅडो (गडद भाग) आणि क्रॉप एवढ्यावर निसर्गचित्रांचे बहुतेक काम होऊन जाते. पावसाळ्यातल्या फोटोंत सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) वाढवण्याचा मोह मात्र टाळाच, कारण आपल्याकडचा हिरवा रंग मुळातच दाट असतो आणि जरा सरकपट्टी ओढली की डोंगर रेडियमसारखा चमकू लागतो.

डार्कटेबल हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. त्यात रॉ फाइल प्रथम उघडली की फोटो काहीसा फिका वाटतो आणि अनेकजण तिथेच नाद सोडतात; पण तो फिकेपणा हा दोष नसून रंग आणि उजेड आपण स्वतः ठरवावेत अशीच त्याची रचना आहे. मास्क (फोटोच्या निवडक भागापुरताच बदल करण्याची सोय), सूक्ष्म रंगदुरुस्ती, आयएसओनुसार (म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाशसंवेदनशीलतेनुसार) नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, कमी करणे, या सर्व बाबतीत ते एनएक्स स्टुडिओच्या बरेच पुढे आहे. आपल्या लॅपटॉपवर ते काहीसे रेंगाळेल, विशेषतः वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर.

निवड करताना बहुतेकजण सुविधांची तुलना करतात. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न हा, की आपण फोटोवर केलेले संस्कार, म्हणजे सुधारणा, साठतात कुठे. मूळ रॉ फाइल कधीच बदलत नाही. बदलांच्या सूचना वेगळ्या नोंदल्या जातात. लाइटरूम क्लासिक (लाइटरूमची संगणकावरची आवृत्ती) त्या कॅटलॉग नावाच्या स्वतःच्या नोंदवहीत ठेवते, डार्कटेबल फोटोशेजारीच एका एक्सएमपी फाइलमध्ये, तर एनएक्स स्टुडिओ फोटोंच्या फोल्डरमधल्या ‘एनकेएससी_पॅराम’ या उपफोल्डरमध्ये. हा उपफोल्डर मागे ठेवून तुम्ही फोटो दुसऱ्या डिस्कवर हलवलेत, तर केलेले सारे काम नाहीसे झाल्यासारखे दिसते. शिवाय एका सॉफ्टवेअरच्या सूचना दुसऱ्याला जशाच्या तशा वाचता येत नाहीत. शुल्क थांबवल्यावर लाइटरूम क्लासिकमध्ये जुने फोटो पाहता व एक्स्पोर्ट करता येतात, पण फोटो सुधारण्याचा डेव्हलप विभाग बंद होतो. संस्कारित फोटो कायमचा हवा असेल तर १६ बिटच्या टिफ फाइलीत काढून ठेवावा लागतो, आणि २४ मेगापिक्सेलची अशी एक फाइल कॉम्प्रेशनविना सुमारे १४५ एमबीची होते. काही वर्षांच्या भटकंतीचे फोटो असे साठवायचे म्हटले तर डिस्क किती लागेल याचा हिशेब करून पाहा. निकॉन सोडून दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा घेतलात तर त्याच्या रॉ फाइली एनएक्स स्टुडिओत उघडणार नाहीत, हेही ध्यानात असू द्या. दूरचा विचार करता मी डार्कटेबलला झुकते माप देतो ते यामुळेच.

लाइटरूमचे शुल्क सार्थकी लागते ते प्रामुख्याने पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना. पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भिगवणला भल्या पहाटे वाढीव आयएसओवर शेकडो फ्रेम्स घेऊन येणाऱ्याला झटपट छाननी, पक्षी आपोआप निवडणारे मास्क आणि २०२३ मध्ये आलेले, नॉइज काढणारे एआय डिनॉइज यांचा खरोखर उपयोग होतो, मात्र हे शेवटचे काम ८ जीबीच्या लॅपटॉपवर फार वेळ घेते. गिम्प हे मोफत फोटो एडिटिंग सॉफ्टवेअर आपल्या मुख्य गरजेचे नाही, कारण रॉ फाइल उघडण्यासाठी त्याला दुसऱ्या सॉफ्टवेअरची मदत लागते. फोटो केवळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असतील तर मोबाइलमधले स्नॅपसीड हे अ‍ॅपही पुरेसे आहे.

तरीही लाइटरूम पाहावेसे वाटले तर त्याची मोफत चाचणी एखाद्या भटकंतीहून परतल्यानंतर सुरू करा, तोच ढगांचा फोटो लाइटरूम आणि आपले मोफत सॉफ्टवेअर अशा दोन्हीकडे तयार करून १२ बाय १८ इंचांत छापून घ्या आणि दोन्ही प्रिंट दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून मगच पैसे भरायचे की नाही ते ठरवा.