लंघन या मुलांसाठी नाही

नवरात्र जवळ आली की बडोद्यातून येणाऱ्या पत्रांत उपासाचे प्रश्न वाढतात. ज्यांच्या घरात मेदाम्लांच्या (चरबीतल्या घटकांच्या) चयापचयाचा आनुवंशिक आजार आहे, त्यांची गोष्ट मात्र वेगळी. पोट रिकामं असताना शरीर चरबी जाळून वेळ मारून नेतं. या मुलांत ते काम करणारं एखादं एन्झाइम तोकडं असतं. कोणतं, त्यावरून आजाराचं नाव ठरतं: एमकॅडमध्ये मध्यम साखळीची मेदाम्लं जळत नाहीत, व्हीएलकॅड आणि एलचॅडमध्ये लांब साखळीची.

मुलीला एमकॅड आहे. तूप कायमचं बंद करू का? (रावपुरा)

नाही, रोजच्या जेवणातलं तूप सहसा चालतं, पण प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रसूतीआधी एक एजंट म्हणाला, नाळेतलं रक्त साठवा, मोठ्या मुलाचा हा आजार पुढे त्यातून बरा होईल. (कारेलीबाग)

होणार नाही. पैसे ठेवा, खाऊ-दुधाला लागतील.

दोन वर्षांच्या मुलीला (एमकॅड) संध्याकाळपासून तीन उलट्या झाल्या. घरच्या मशीनवर साखर 82 आली. सासूबाई म्हणाल्या, ‘पोटाला आराम दे, लंघनासारखं औषध नाही.’ सकाळपर्यंत थांबलो, सकाळी ती उठेना. सलाईन लावल्यावर सावरली. आमचं काय चुकलं? (दांडिया बाजार)

मुलगी सावरली हे तुमचं नशीब. सासूबाईंचा सल्ला त्यांच्या नातवंडांपैकी बाकीच्यांना कदाचित चालला असता, हिला नाही. पण माझा राग त्या 82 वर आहे. या आजारात साखर सगळ्यात शेवटी घसरते. त्याआधीच मुलगी मलूल होते, यकृतावर ताण येतो, रक्तात अमोनिया वाढू शकतो. मशीन मात्र ‘सगळं ठीक’ म्हणत बसतं. लघवीत कीटोन (चरबी जळताना बनणारी द्रव्यं) नाहीत म्हणून कुणी धीर देत असेल तर तोही खोटा, कारण उपाशीपोटी पुरेसे कीटोन न बनणं हाच तर हा आजार.

म्हणून नियम एकच. उलटी, जुलाब, ताप, खाणं नाकारणं किंवा नेहमीपेक्षा जास्त झोप, यातलं काहीही दिसलं की लगेच डॉक्टरांना फोन करायचा. तोंडाने दिलेलं साखरपाणी टिकत नसेल, तर मशीन काहीही दाखवो, त्याच तासाला दवाखाना गाठायचा. रात्रीचे दोन वाजले असले तरी. तिथे ग्लुकोजचं सलाईन लागतं, बहुधा 10 टक्के डेक्स्ट्रोजचं. नुसतं मिठाचं पुरत नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी हा आजार पाहिलेला असेलच असं नाही. आजाराचं नाव, मुलीचं वजन आणि ‘साखरेच्या रिपोर्टसाठी थांबू नये’ हे वाक्य असलेलं पत्र तुमच्या तज्ज्ञांकडून आजच लिहून घ्या. एक प्रत आजीकडे, एक गाडीच्या डिकीत, एक फोनमध्ये. कपाटातल्या फायलीत ठेवलेलं पत्र काय कामाचं?

शेजारच्या मुलाला खोबरेल तेलाने फायदा झाला म्हणतात. आमच्या एमकॅडवाल्या मुलाला देऊ? (मांडवी)

अजिबात नाही. खोबरेल तेलात आणि एमसीटी तेलात मध्यम साखळीची मेदाम्लं असतात, आणि एमकॅडमध्ये नेमकी तीच जळत नाहीत. व्हीएलकॅड किंवा एलचॅडच्या मुलांना एमसीटी तेल मोजून दिलं जातं. शेजारच्या मुलाला त्यातलं काही असेल. नावं सारखी वाटतात म्हणून औषध सारखं होत नाही.

16 वर्षांच्या मुलाला व्हीएलकॅड आहे. नऊ दिवस उपास धरून गरबा खेळायचा म्हणतो. गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या, लघवी काळ्या चहासारखी झाली, मग आपोआप उतरली. (अलकापुरी)

उतरली म्हणून विसरलात? स्नायू झिजून त्यातलं द्रव्य लघवीत उतरलं होतं. त्याने मूत्रपिंडं बंद पडू शकतात. पुन्हा तसा रंग दिसला तर त्याच दिवशी दवाखाना आणि सीके, म्हणजे स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी. उपास नाही. ‘साबुदाण्याची खिचडी खातो ना’ हेही नको. दाण्याचं कूट आणि तूप म्हणजे त्याला न जळणारी लांब साखळीची चरबीच. गरबा किती वेळ, आधी काय खायचं, मध्ये केव्हा बसायचं, हे त्याच्या तज्ज्ञांनी ठरवायचं. अंगात कणकण असेल त्या रात्री घरी.

आमच्या दोन्ही घराण्यांत कुणाला हा आजार नव्हता. मग दोष माझ्याकडून आला का? (प्रतापनगर)

दोष कुणाचाच नाही. सदोष जनुकाची एकेक प्रत तुम्हा दोघांकडून आली; तुम्हाला त्रास नाही, पण प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के शक्यता राहते. दुसरं बाळ हवं असेल तर दिवस जाण्याआधीच पहिल्याचा जनुकीय रिपोर्ट घेऊन समुपदेशकाला भेटा. बाळ जन्मल्यावर त्याच्या टाचेच्या रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत त्यालाही आजार आहे असं धरूनच वेळेवर पाजा. झोपलं असेल तर उठवून.