तारखा सगळ्या बरोबर, तरी गुण अठ्ठावन्न

प्रश्न : माझा मुलगा टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठात कंप्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. या सेमिस्टरला त्याला ‘१८७७ पर्यंतचा अमेरिकेचा इतिहास’ हा विषय घ्यावा लागला. बेकनच्या बंडावरच्या पहिल्याच निबंधाला शंभरपैकी ५८ मिळाले. सगळ्या तारखा, नावं बरोबर होती म्हणतो. प्राध्यापकांचा शेरा एवढाच, ‘यात तुझं म्हणणं काय?’ आता तो विषय ड्रॉप करतो म्हणतोय. दहावीला त्याला इतिहासात चांगले गुण होते. आम्ही कर्ज काढून पाठवलंय. डॉलर मोजून इतिहास कशाला शिकायचा, हेच मला कळत नाही. – एक आई, सातारा

उत्तर : ताई, आधी घाईचं सांगते. ड्रॉपचा अर्ज करण्यापूर्वी त्याला विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन यायला सांगा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवी करणाऱ्याला दर सेमिस्टरला साधारण १२ क्रेडिट (विषयाचं वजन मोजायचं एकक) तरी घ्यावीच लागतात. हा विषय ३ क्रेडिटचा. ऑफिसला न विचारता बेरीज १२ च्या खाली गेली, तर गुण राहिले बाजूला, व्हिसाचंच लचांड मागे लागेल. शिवाय टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत पदवी होईपर्यंत सगळे मिळून सहाच विषय असे मध्येच सोडता येतात.

आणि सोडून सुटका कुठे आहे? टेक्सासच्या कायद्यानुसार सरकारी विद्यापीठातून पदवी घेणाऱ्या प्रत्येकाला अमेरिकेच्या इतिहासाची सहा क्रेडिट करावी लागतात, मग तो नर्सिंगचा असो की संगीताचा. त्यातली तीन टेक्सासच्या इतिहासाची चालतात, एवढीच सवलत. वर शासनव्यवस्थेची आणखी सहा. म्हणजे आज टाळलेला विषय तिसऱ्या वर्षी, प्रोजेक्टच्या धामधुमीत, पुन्हा दारात उभा.

आता त्या ५८ गुणांकडे येऊ. तुमचा मुलगा अभ्यासात कमी पडला असं मला वाटत नाही. त्यानं आपल्या बोर्डाचा पेपर तिकडे लिहिला. ‘टीपा लिहा’ म्हटलं की आपण माहितीचा हारा भरून देतो. तिथले प्राध्यापक हारा घेत नाहीत, ते विचारतात, यातून तुला काय दिसलं?

निबंध बेकनच्या बंडावर होता, तर तेच घेऊ. १६७६ मध्ये व्हर्जिनिया या अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीत नॅथॅनिअल बेकन या जमीनदारानं गव्हर्नर विल्यम बर्कलीविरुद्ध बंड केलं. राजधानी जेम्सटाउन जाळली. महिनाभरात बेकन हगवणीनं मेला आणि बंड विझलं. एवढं तुमच्या मुलानं नक्की लिहिलं असणार. बेकनबरोबर दोन प्रकारची माणसं होती. एक, इंग्लंडहून जहाजभाड्याच्या बदल्यात काही वर्षं राबायचा करार करून आलेले गोरे मजूर, साधारण आपल्या गिरमिटियांसारखे. दुसरे, गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोक. दोघांनी मिळून हत्यार धरलं, हे पाहून मळेवाले धास्तावले आणि पुढे गोऱ्या मजुरांऐवजी गुलामांवर भर देऊ लागले, असं बरेच इतिहासकार मांडतात. पण व्हर्जिनियाच्या विधानसभेनं १६६२ मध्येच, बंडाच्या चौदा वर्षं आधी, कायदा केला होता की मूल आईच्या दर्जाचं धरलं जाईल. इंग्लंडची रीत बापाकडून चालणारी, इथं मुद्दाम उलटी फिरवली. गुलाम बाईचं मूल, बाप खुद्द मालक असला तरी, जन्मतः गुलाम. त्यात इंग्लंडहून येणारे मजूरही कमी होत चालले होते. मग तुमच्या मुलाचं म्हणणं असं होऊ शकतं : ‘बंडानं गुलामगिरीला वेग दिला, पण तिचा पाया कायद्यानं आधीच घातला होता.’ किंवा याच्या बरोब्बर उलट. प्राध्यापकांना दोन्ही चालेल. निबंधाच्या सुरुवातीलाच ते एक वाक्य हवं आणि पुढचा प्रत्येक परिच्छेद त्याच वाक्याचा पुरावा म्हणून यायला हवा. तारखांनी त्या वाक्याची हमाली करायची.

दुसरी अडचण अस्सल कागद वाचण्याची. या वर्गात जुनी पत्रं, कायदे, प्रवासवर्णनं वाचायला देतात आणि मुलं छापलेलं ते खरं धरून चालतात. खरं तर यात आपली मुलं पुढे असायला हवीत. बखर वेगळी आणि त्या काळातलं पत्र वेगळं, हे आपल्याकडे कुठल्याही गडावर भटकणारा पोरगासुद्धा सांगेल! व्हर्जिनियात वसाहत करायला आलेल्या इंग्रज कॅप्टन जॉन स्मिथची गोष्ट घ्या. आपल्याला पकडणाऱ्या तिथल्या मूळ रहिवाशांच्या सरदाराची मुलगी पोकाहोंटास, तिनं मध्ये पडून आपला जीव वाचवला, ही त्याची जगप्रसिद्ध कथा. प्रसंग १६०७ च्या डिसेंबरातला. पण १६०८ मध्ये छापलेल्या त्याच्याच वृत्तांतात या सुटकेचा उल्लेख नाही. ती सविस्तर येते १६२४ च्या पुस्तकात. तोवर पोकाहोंटासला जाऊन सात वर्षं झाली होती. आता यावर आपल्या इतिहासाच्या मास्तरांनी जे प्रश्न विचारले असते, तेच त्यानं इंग्रजीत विचारायचे : कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुणाला खूश करायला लिहिलं?

डॉलर मोजून हे कशाला, याचं उत्तर मी गोड करून सांगणार नाही. नोकरीच्या मुलाखतीत बेकनबद्दल कुणी विचारत नसतं. आपला मुद्दा दोन पानांत पुराव्यासकट मांडण्याची सवय मात्र कामाला येईल, तिथल्या टीममध्ये असं लिहावं लागतंच. आणि मन रमायला एक धागा देते. हा कोर्स जिथं संपतो, त्या अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या काळातच, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ काढली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. सातारा जिल्ह्यातलं कटगुण हे फुल्यांचं मूळ गाव. म्हणजे हा विषय तुमच्या घरापासून वाटतो तितका लांब नाही.

पैसे वाचवायचे दोन मार्ग आहेत, दोन्ही इतिहासाच्या उरलेल्या तीन क्रेडिटच्या विषयासाठी. कॉलेज बोर्ड या अमेरिकी संस्थेची क्लेप नावाची परीक्षा असते, दीड तासाची, बहुपर्यायी; ती दिली की वर्गात न बसता क्रेडिट मिळू शकतं. अमेरिकेच्या इतिहासाच्या दोन्ही भागांसाठी ती आहे. किती गुणांना क्रेडिट द्यायचं, हे ज्याचं त्याचं विद्यापीठ ठरवतं, तेव्हा फी भरण्याआधी ॲडव्हायजरकडून, म्हणजे विषय निवडायला सल्ला देणाऱ्याकडून, लेखी घ्यावं. दुसरा मार्ग, उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, तो विषय करणं. तिथं फी बहुधा कमी पडते. टेक्सासभर या दोन विषयांचे क्रमांकही ठरलेले आहेत, १३०१ आणि १३०२, त्यामुळे क्रेडिट वळतं करून घेणं सोपं जातं. पाठ्यपुस्तक मात्र त्यानं विकत घेतलं नसेल तर घेऊ नये. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या वेबसाइटवर अमेरिकेच्या इतिहासाचं पुस्तक फुकट आहे. वर्गात दुसरं लावलं असलं तरी घटनाक्रम समजून घ्यायला ते पुरतं.

या आठवड्यात त्यानं तो ५८ वाला निबंध घेऊन प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जावं. रिकाम्या हातानं नको, पहिला परिच्छेद नव्यानं लिहून न्यावा आणि ‘हे चालेल का?’ एवढंच विचारावं. आपल्याकडच्या मुलांना सरांच्या केबिनमध्ये जायचा संकोच असतो, तिथं ते वेळ त्याचसाठी राखून ठेवतात. निबंध पुन्हा लिहून देता येईल का, तेही विचारून घ्यावं. चॅटजीपीटीकडून लिहून घ्यायचा मोह होईल, तो आवरावा. पकडला गेला तर प्रकरण शिस्तभंगाचं होतं. आणि तुम्ही एक करा. रविवारी फोनवर गुण विचारण्याआधी त्याला बेकनची गोष्ट मराठीत सांगायला लावा आणि मध्येच विचारा, ‘मग तुला काय वाटतं रे?’

विषय सोडण्याची शेवटची तारीख सिलॅबसवर किंवा विद्यापीठाच्या कॅलेंडरवर असते. दुसऱ्या निबंधाचे गुण त्या तारखेच्या आत येतात का, ते पाहून मला कळवा.