डिप्लॉय करताना चालू टास्क अर्धवट तुटतात, काय करावं?

कुबरनेटिसवर (सर्व्हरवर ॲप्लिकेशन चालवणारी यंत्रणा) नवी आवृत्ती डिप्लॉय केली की असिंकआयओ (पायथनमध्ये अनेक कामं एकत्र हाताळणारी लायब्ररी) वर्करमधली कामं मध्येच तुटतात, असं तुम्ही विचारलंय. हिंजवडीत आमच्या टीमनेही हे भोगलंय.

कुबरनेटिस आधी सिगटर्म ('आवरून बंद हो' असा सिग्नल) पाठवतं आणि डिफॉल्ट ३० सेकंद संपले की सिगकिल (थेट मारून टाकणारा सिग्नल). सिगकिल पकडता येत नाही, म्हणून आवराआवर त्याआधीच व्हायला हवी. दुपारी एक वाजता पुण्यातला दुकानदार करतो तसंच करा: शटर अर्धं खाली, नवं गिऱ्हाईक नाही, पण आत असलेल्याचं बिल पूर्ण. म्हणजे सिगटर्म येताच क्यूमधून नवं काम उचलू नका, चालू टास्कना साधारण २० सेकंद द्या, उरलेल्यांना कॅन्सल करा आणि त्यांना अवेट करा, म्हणजे ते खरंच संपेपर्यंत थांबा. हे शेवटचंच बहुतेक जण विसरतात.

कॅन्सल ही नुसती विनंती असते. टास्क अवेटपाशी असेल तिथे कॅन्सल्डएरर (रद्द झाल्याचा एरर) उठतो. फायनलीमध्ये (एरर आला तरी चालणारा कोडचा भाग) कनेक्शन सोडा, एरर मात्र वर जाऊ द्या. आमचा घोळ इथेच होता, कुणीतरी नुसतं 'एक्सेप्ट' (एरर पकडणारा भाग) लिहून तो एरर गिळला होता! (पायथन ३.८ पासून 'एक्सेप्ट एक्सेप्शन' त्याला पकडत नाही, नुसतं 'एक्सेप्ट' अजूनही पकडतं.)

अवेट नसलेला लांबलचक लूप असेल तर कॅन्सल त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. तो वेगळ्या प्रोसेसमध्ये टाका.