अण्णांचे डोळे पिवळे दिसतात, गोळ्या बंद करू का?

प्रश्न : डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. माझ्या सासऱ्यांना (वय ७४) प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हाडांत पसरलेला. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन असतं. दिवाळीनंतर त्याच्या जोडीला अ‍ॅबिराटेरॉनच्या चार गोळ्या आणि प्रेडनिसोलोन सुरू झालं. गोळ्या पोटात गरम पडतात म्हणून अण्णा त्या नाश्ता करून घेतात. गेल्या आठवड्यापासून त्यांची अन्नावरची वासना उडाली आहे, लघवी काळ्या चहासारखी होते, आणि काल गॅलरीत पेपर वाचत बसले होते तेव्हा डोळे पिवळे दिसले. हॉस्पिटलची तारीख पुढच्या महिन्यात आहे. शेजारच्या काकू म्हणतात, काविळीची माळ घाला, उसाचा रस द्या, हळद-तेल बंद करा. हे औषधामुळे झालं असेल का? गोळ्या थांबवल्या तर कॅन्सर वाढेल, ही धास्ती वाटते.
— एक सून, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, पत्र वाचल्याबरोबर संपादकांकडून तुमचा नंबर घेऊन मी फोन केला, कारण असं पत्र छापून येण्याची वाट पाहू नये. फोनवर जे बोललो तेच इथे जरा सविस्तर लिहिते. तुमच्यासारख्या घरांतून हाच प्रश्न वारंवार येतो.

औषधामुळे असू शकतं. अ‍ॅबिराटेरॉनचा यकृतावर परिणाम होतो हे माहीत असलेलं आहे, आणि तो बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांतच दिसतो. म्हणून गोळी सुरू करण्याआधी एकदा, मग पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी आणि पुढे दर महिन्याला यकृताची रक्ततपासणी, म्हणजे एलएफटी, करायची असते. अण्णांची ती मधल्या काळात झालीच नाही, असं तुम्ही सांगितलंत. इंजेक्शनची तारीख सगळे लक्षात ठेवतात आणि ही तपासणी राहून जाते, हे मी बऱ्याच घरांत पाहते आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. फ्रीजवर कागद लावा, घरातल्या एकाने ती जबाबदारी घ्या.

गोळ्यांचं म्हणाल तर आजच कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. ते भेटेपर्यंत अ‍ॅबिराटेरॉनचा पुढचा डोस देऊ नका. डोळे पिवळे असताना ही गोळी चालू ठेवण्यात धोका जास्त आहे. दोन-चार दिवसांच्या खंडाने कॅन्सर उसळत नाही, इंजेक्शनचा असर शरीरात चालूच असतो. पण प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडची गोळी, मनाने बंद करू नका. अ‍ॅबिराटेरॉनमुळे शरीरात कॉर्टिसॉल हे गरजेचं हार्मोन कमी तयार होतं, ती उणीव ही छोटी गोळी भरून काढते. ती एकदम तोडली तर थकवा, उलट्या, बीपी घसरणं असे प्रकार होतात. दोन्ही गोळ्या एकाच डबीत असतात, म्हणून लोक दोन्ही एकदम थांबवतात. ही काळजी नक्की घ्या.

नाश्त्याची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. चार गोळ्यांचा पूर्ण डोस, १००० मिलिग्रॅम, उपाशीपोटीच घ्यायचा असतो. आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. तेलकट-तुपकट खाण्याबरोबर घेतल्यास या औषधाचं रक्तातलं प्रमाण दहापटीपर्यंत वाढू शकतं. आपल्याकडे सकाळी सेव-उसळ नाही तर गाठिया-फाफडा असतो, म्हणजे तेल आलंच. तुमच्या ओळखीत कुणी एकच गोळी जेवणाबरोबर घेत असेल, तर त्याच्या डॉक्टरांनी ती विचार करून, खर्च वाचावा म्हणून तशी दिलेली असते. ती पद्धत वेगळी, अण्णांची वेगळी. कावीळ यामुळेच झाली असं मी म्हणत नाही, पण डॉक्टरांना हे कळलंच पाहिजे.

आता दुसरी बाजू. कॅन्सरची गोळी चालू आहे म्हणून कावीळ तिचीच, असं धरून बसू नका. पित्तनलिकेत खडा अडकला असेल, दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ए किंवा ई झाला असेल, स्टिरॉइडमुळे शरीरात दडलेला हिपॅटायटिस बी जागा झाला असेल, किंवा कॅन्सर यकृतापर्यंत गेला असेल. शौचाचा रंग पांढरट झालाय का, अंगाला खाज सुटते का, हे बघा. तसं असेल तर पित्ताची वाट अडल्याचा संशय घ्यावा लागतो. म्हणून एलएफटीबरोबर आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), हिपॅटायटिसच्या तपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी लागेल. रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम वाढलेलं दिसलं तर लगेच घाबरू नका. हाडांत पसरलेल्या कॅन्सरमुळेही ते वाढतं. ते यकृतातून येतंय की हाडांतून, हे जीजीटी या यकृताच्या दुसऱ्या एन्झाइमच्या तपासणीवरून उलगडायला मदत होते.

फोनवर विचारल्यावर तुम्ही सांगितलंत की अण्णा महिनाभर गुळवेलीचा काढाही घेत होते. तो आजपासून बंद. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये नोंदवले आहेत. कमरेच्या दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किती घेतात, तेही लिहून न्या.

माळेने अपाय नाही, पण तिच्या भरवशावर एक दिवसही घालवू नका. उसाचा रस नको. प्रेडनिसोलोनवर साखर आधीच चढते, आणि गाडीवरच्या रसातल्या बर्फाची खात्री कोण देणार? फोडणीतल्या हळदीने काही होत नाही. वरण-भात, ताक, मऊ पोळी, जे जाईल ते जाऊ दे. या वयात उपासमार झाली तर ते आणखी खचतील.

अण्णा असंबद्ध बोलू लागले, दिवसा गुंगीत राहू लागले, हिरड्यांतून रक्त आलं, किंवा थंडी वाजून ताप आणि पोटात दुखणं सुरू झालं, तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत न्या. जवळ सयाजी हॉस्पिटल आहेच.

पुढचं काय, असं तुम्ही विचारलंत. बिलिरुबिन (काविळीचा आकडा) नॉर्मल मर्यादेच्या तीनपटीहून किंवा एसजीपीटी (यकृताचं एन्झाइम) पाचपटीहून वर गेलं असेल तर गोळी थांबवतात आणि आकडे उतरल्यावर बहुतेक वेळा कमी डोसवर, ७५० मिलिग्रॅमवर, पुन्हा सुरू करता येते. इजा मोठी असेल तर हे औषध कायमचं सोडावं लागतं. अशा वेळी दुसरी औषधं आहेत, वाट संपत नाही. अण्णांनाही हे स्पष्ट सांगा. ते गप्प बसतात म्हणजे त्यांना कळत नाही असं नाही.

प्रश्न : वडिलांना प्रोस्टेटसाठी फ्लुटामाइड २५० दिवसातून तीनदा सुरू केलं आहे. लघवी हिरवट-पिवळी होते. ही कावीळ का?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : या औषधाने लघवीला तसा रंग येतो, नुसत्या रंगाने बिघडत नाही. मात्र काविळीचा धोका याच औषधात फार मोठा मानला जातो. वडिलांना दिवसाउजेडी खिडकीशी उभं करून डोळे बघा, ट्यूबलाइटखाली पिवळेपणा चटकन कळत नाही. पहिले चार महिने दर महिन्याला एलएफटी करा. एसजीपीटी नॉर्मल मर्यादेच्या दुपटीहून जास्त आलं किंवा डोळे पिवळे झाले, तर गोळी लगेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.