डाळीची दाट लापशी: पहिल्यांदा करताना

पहिल्या प्रयत्नासाठी सोललेली लाल मसूर डाळच घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण ती भिजत न घालताही साधारण 20 ते 25 मिनिटांत मऊ शिजते. एक वाटी डाळ पाणी नितळ येईपर्यंत धुऊन घ्या, जाड बुडाच्या पातेल्यात चार वाट्या पाण्यात घाला आणि उकळी येईपर्यंत जवळून हलू नका. पांढरा फेस झरझर वर चढतो, तो पळीने काढून टाकला की उतू जाण्याची भीती उरत नाही. मग आच मंद करून झाकण थोडे तिरके ठेवा.

टोमॅटो किंवा लिंबू सुरुवातीला घालण्याचा मोह मात्र टाळा, कारण आंबटपणामुळे डाळीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ सहजासहजी विरघळत नाही आणि कितीही उकळले तरी दाणे कचकचीत राहतात. दाणा बोटांच्या चिमटीत धरून दाबल्यावर त्याचे पीठ झाले, मध्ये कण लागला नाही, की डाळ शिजली असे समजावे. त्यानंतर ती घोटा, मीठ घाला आणि तेलात सोनेरी परतलेला कांदा-लसूण मिसळा.

लापशी गार होताना आणखी घट्ट होते, म्हणून आचेवरून उतरवताना ती हवी त्यापेक्षा थोडी पातळच ठेवा. पुन्हा गरम करताना थंड पाणी न ओतता कढत पाणी घालून सारखे ढवळत राहा, नाहीतर ती हमखास तळाला लागते.