फर्नेस बदलण्याआधी भिंतीवरचा थर्मोस्टॅट तपासा

एडिसन, न्यू जर्सीहून एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. घर जुनं, घर गरम करणारी गॅसची भट्टी, म्हणजे फर्नेस, चौदा वर्षांची. मागच्या वर्षी त्यांच्या यजमानांनी स्मार्ट थर्मोस्टॅट (फर्नेस कधी चालू-बंद करायची ते ठरवणारं भिंतीवरचं यंत्र) स्वतः बसवला. या थंडीत काही दिवस सकाळी त्याची स्क्रीन काळी पडलेली असते आणि घर गार. दोन-तीन तासांनी आपोआप सगळं चालू होतं. टेक्निशियन आला तेव्हा फर्नेस चालू होती. त्याने फर्नेसचं वय विचारलं, आत टॉर्च मारला आणि नवीन फर्नेसचं ९,४०० डॉलरचं कोटेशन दिलं: आज सही केली तर १८ महिने बिनव्याजी. ताई विचारतात, हे कर्ज घ्यावं, की भारतातली आठ लाखांची एनआरई एफडी (अनिवासी भारतीयांची मुदत ठेव) मोडावी? ती लावून नऊ महिने झालेत.

ताई, आज यातलं काहीच करू नका. नेमकं काय बिघडलंय हे अजून कुणी तपासलेलंच नाही, आणि तुम्ही सांगितलेली लक्षणं फर्नेसपेक्षा थर्मोस्टॅटकडे जास्त बोट दाखवतात.

स्मार्ट थर्मोस्टॅटला सतत वीज लागते. ती 'सी' नावाच्या वायरमधून येते. जुन्या घरांत ही वायर बरेचदा जोडलेलीच नसते. मग तो फर्नेसच्या सर्किटमधून थोडी थोडी वीज घेऊन आतली बॅटरी चार्ज करत राहतो. कडाक्याच्या थंडीत फर्नेस रात्रभर चालू-बंद होते, बॅटरी उतरते, स्क्रीन काळी पडते. थोडी चार्ज झाली की पुन्हा सुरू. तुमच्या सकाळच्या तक्रारीशी हे तंतोतंत जुळतं. यजमानांना फर्नेसचा ब्रेकर बंद करून थर्मोस्टॅट भिंतीवरून काढून बघायला सांगा. 'सी' खुणेच्या जागी वायर आहे का? नसेल तर भिंतीतल्या जुडग्यात एखादी न वापरलेली वायर, बहुधा निळी, मागे गुंडाळून ठेवलेली सापडते. ती थर्मोस्टॅट आणि फर्नेस अशा दोन्ही टोकांना 'सी'च्या जागी जोडली की काम झालं. तशी नसेल तर २४ व्होल्टचा छोटा प्लग-इन ट्रान्सफॉर्मर मिळतो, वीस-तीस डॉलरला.

आता पैशाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची चाचणी. ती स्क्रीन काळी असतानाच करायची. सगळं सुरळीत असताना केली तर काहीच कळणार नाही. ब्रेकर बंद करा, थर्मोस्टॅटच्या 'आर' (वीज आणणारी) आणि 'डब्ल्यू' (फर्नेस चालू करणारी) या दोन वायर काढून त्यांची टोकं एकमेकांना जोडा, ब्रेकर चालू करा. फर्नेस ठीक असेल तर आधी छोट्या पंख्याची घरघर, मग ज्योत, आणि दोन-तीन मिनिटांत खोलीतल्या व्हेंटमधून (हवेच्या झरोक्यातून) गरम हवा येईल. तसं झालं तर दोष थर्मोस्टॅटचा किंवा त्याच्या वायरिंगचा. पाच मिनिटांत ब्रेकर बंद करून वायर सोडवा. भिंतीत जाड, उच्च दाबाच्या वायर दिसल्या किंवा घरात हीट पंप (विजेवर घर गरम-गार करणारं यंत्र) असेल तर मात्र हे करू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

फर्नेस चालू झालीच नाही, तरी लगेच ९,४०० डॉलर काढायचे नाहीत. फिल्टर धुळीने गच्च भरला की फर्नेस तापून स्वतःच बंद पडते. पुढचं पॅनेल नीट बसलेलं नसेल तर दाराचा स्विच वीज तोडतो. कंट्रोल बोर्डवरचा गाडीत असतो तसला छोटा फ्यूज उडालेला असू शकतो. पाण्याचा निचरा तुंबला तर काही फर्नेसमध्ये सुरक्षा स्विच थर्मोस्टॅटचीच वीज काढून घेतो. ही सगळी कामं सहसा काहीशे डॉलरच्या आतली.

एका गोष्टीत मात्र मी तुम्हाला बिलकुल थांबवणार नाही. फर्नेसमधल्या हीट एक्स्चेंजरला (ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या धातूच्या भागाला) तडा गेला असेल तर घरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू येऊ शकतो. तेव्हा फर्नेस बंद ठेवायची आणि बदलायची, पैशाचा विचार नंतर. पण तडा गेलाय असं कुणी म्हणालं तर तड्याचा फोटो आणि कार्बन मोनॉक्साइडच्या मोजणीचा आकडा मागा. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर सगळे आधी घराबाहेर, मग ९११.

आता त्या बिनव्याजी योजनेबद्दल. करारात 'डिफर्ड इंटरेस्ट' असे शब्द आहेत का ते वाचा. असतील तर १८ महिन्यांनी शंभर डॉलर जरी बाकी राहिले, तरी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज लागतं. समजा दर २७ टक्के असेल, तर दीड-दोन हजार डॉलर सहज. ते टाळायचं तर महिन्याला साधारण ५२३ डॉलर भरावे लागतील, तेही न चुकता. 'आजच सही करा' असं म्हणणाऱ्याकडून मी एवढी मोठी वस्तू घेऊ देणार नाही.

एफडी तर मोडूच नका. एनआरई ठेव वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य. साडेसहा टक्के दर धरला तर नऊ महिन्यांचे साधारण ३९ हजार रुपये हातचे जातील, आणि वर्ष पूर्ण व्हायला तीनच महिने राहिलेत. (तिचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, हे विसरू नका.)

फर्नेस चौदा वर्षांची आहे हे खरंच आहे. गॅसच्या फर्नेस साधारण पंधरा ते वीस वर्षं चालतात, म्हणजे ती कधीतरी बदलावी लागणारच. म्हणून या महिन्यापासून वेगळ्या बचत खात्यात दर महिन्याला २०० डॉलर टाका. तीन वर्षांत ७,२०० होतील. बदलायची वेळ आली की वसंतात किंवा शरदात, मागणी कमी असताना, तीन कोटेशन घ्या. राज्याचं एचव्हीएसीआर (हीटिंग-कूलिंगच्या कामाचं) लायसन्स आणि परमिट बघून काम द्या. फेडरल टॅक्स क्रेडिटचं (केंद्र सरकारच्या करसवलतीचं) आमिष कुणी दाखवलं तर भुलू नका. घरगुती उपकरणांवरचं ते क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या फर्नेसला मिळत नाही.

चाचणीत काय निघालं ते कळवा. फर्नेसच बिघडलेली निघाली, तर कोटेशन आणि तुमच्या आणीबाणीच्या निधीचा आकडा सोबत पाठवा, मग पैसे कुठून उभे करायचे ते ठरवू.