सॉर्सररची जादू फुकटची, मग त्यात गोष्ट कसली?

तुम्ही विचारलंय की डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, एकेक कॅरेक्टर घेऊन गोष्ट रचत खेळायच्या खेळात विझार्ड आणि सॉर्सरर दोघेही जादूगार, पण विझार्ड वर्षानुवर्षं पोथ्या घोकून जादू शिकतो आणि सॉर्सररला ती जन्मतःच मिळते. मग ज्याने कष्टच केले नाहीत त्याच्या कॅरेक्टरमध्ये गोष्ट ती काय असणार?

सहा वर्षं डीएम म्हणून, म्हणजे खेळ चालवणारा म्हणून, पडद्यामागे बसतोय, माझा अनुभव नेमका उलटा आहे. विझार्डची बरीचशी गोष्ट पहिल्या सेशनच्या आधीच होऊन गेलेली असते. गुरू केला, शिकला, बाहेर पडला. सॉर्सररची तेव्हा कुठे सुरू होते.

आमच्या गावात एक पायाळू काका होते. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेला. कुणाच्या कमरेत उसण भरली की तो काकांची लाथ खायला दारात हजर. विहीर खणायची झाली की काकांना शेतभर फिरवायचे. आणि वळवाच्या पावसात ढग गडगडले की त्यांची म्हातारी आई पन्नाशीच्या काकांना हाताला धरून घरात ओढायची, कारण पायाळूवर वीज पडते म्हणतात. (यातलं काहीही खरं नाही, आणि गुप्तधनाच्या नादात पायाळू मुलांचे हालही झालेत, तो विषय वेगळा.) काकांनी यातलं काही मागितलं नव्हतं. कधी जेवता जेवता उठायला कंटाळले तर लोक म्हणायचे, फार शेफारलाय. मी पहिल्यांदा नियमांच्या पुस्तकात सॉर्सररचं पान वाचलं, ड्रॅगनच्या रक्तातून आलेली जादू वगैरे, तेव्हा मला ड्रॅगन नाही, हे काका आठवले.

खेळ १९७४ चा, पण सॉर्सरर हा स्वतंत्र क्लास, म्हणजे कॅरेक्टरचा प्रकार, आला २००० साली, तिसऱ्या आवृत्तीत. तोवर जादूगार म्हटलं की पोथी उघडून स्पेल (जादूचे एकेक प्रयोग) पाठ करणारा हाच नमुना. मला आवडतं ते हे की नव्या क्लासचं वेगळेपण नुसत्या वर्णनात नाही, आकड्यांत आहे. २०१४ च्या नियमांत विझार्ड सहा स्पेलची पोथी घेऊन सुरुवात करतो, दर लेव्हलला दोन वाढवतो, म्हणजे विसाव्या लेव्हलला किमान ४४. शिवाय दुसऱ्याच्या पोथीतून उतरवून घेतले तर आणखी. सॉर्सरर दोनावर सुरू होतो आणि विसाव्या लेव्हलला पंधरावर थांबतो. ज्याच्याकडे ४४ आहेत त्याचे स्पेल म्हणजे हत्यारांची पेटी. ज्याला दोनच येतात त्याचे ते दोन म्हणजे स्वभाव. पोथी चोरली तर विझार्डची पंचाईत होते. सॉर्सररकडून चोरणार काय? त्याला स्वतःलाच आपली जादू टाकून देता येत नाही.

एक गोष्ट मात्र मलाही खटकते. 'रक्तातच आहे' हे वाक्य आपल्याकडे कशाकशासाठी वापरलं गेलंय ते सांगायला नको. ड्रॅगनच्या वंशातला म्हणून थोर, असं कॅरेक्टर कुणी आणलं की मी परत पाठवतो. जादू उफाळली आणि गाव जळालं, हेही आमच्याकडे बंद आहे; एका कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या एका गोष्टीत, तीन जळकी गावं झाली होती. रक्तात काहीतरी आहे आणि त्याची घरात अडचण होते, इथपर्यंत आलात की पुढचं आपोआप सुचतं.

आमच्या टेबलावर एकीने नावाड्याची मुलगी घेतली होती, वाइल्ड मॅजिकवाली, म्हणजे जिची जादू मध्येच हाताबाहेर जाऊ शकते अशी सॉर्सरर. २०१४ च्या नियमांत अशा सॉर्सररने पहिल्या किंवा वरच्या लेव्हलचा स्पेल टाकला की डीएम वीस बाजूंचा फासा टाकायला सांगू शकतो. एक पडला तर एक ते शंभर आकड्यांच्या परिणामांच्या तक्त्यावर जे येईल ते. त्यात सात किंवा आठ आला तर स्वतःवरच फायरबॉल फुटतो. सहा बाजूंचे आठ फासे डॅमेज. पहिल्या लेव्हलला ती आणि शेजारचे सगळे खलास. पुलावर जकात घेणारे तीन शिपाई होते. तिने स्लीप टाकला, दोघे घोरायला लागले. मग फासा टाकला. एक. सगळे खुर्चीत ताठ. शंभराचा टाकला, ४१. तिच्या पुढच्या पाळीपर्यंत ती कुंडीतलं रोप झाली. खेळातली सहा सेकंद. पुलाच्या मधोमध एक कुंडी, आणि तिच्याकडे बघत उभा जागा राहिलेला तिसरा शिपाई, जो तिच्या बापाला ओळखत होता.

आम्ही पोट धरून हसलो. ती खेळणारी मात्र हसता हसता गप्प झाली आणि म्हणाली, "म्हणजे आता बाबांना कळणार."

पुढची तीन सेशन त्यावर गेली, आणि त्यातली एक ओळही माझ्या वहीत आधी लिहिलेली नव्हती.

२०१४ च्या नियमांत तिसऱ्या लेव्हलला सॉर्सररला मेटामॅजिक मिळतं, म्हणजे स्पेल आपल्या पद्धतीने वाकवायची सोय. एक स्पेल दोघांवर टाकता येतो, झटपट टाकता येतो. टेबलावरच्या सगळ्यांनी तिला तेच सुचवलं. तिने सटल स्पेल घेतला: हातवारे नाहीत, मंत्र नाही, कुणाला काही दिसत नाही. लढाईच्या दृष्टीने फार हुशार निवड नव्हती. पण बाप समोर बसलेला असताना जादू करता यायला हवी होती तिला.

तुम्ही पहिल्यांदा सॉर्सरर घेणार असाल तर डीएमला एवढंच आधी सांगून ठेवा की घरात कुणाला माहीत आहे आणि कुणाला नाही. बाकी ताकद कुठून आली वगैरे नंतर बघता येतं. आमच्या नावाड्याच्या मुलीचं अजून ठरलेलं नाही. आमच्या फायटरने मात्र त्या पुलानंतर सामानाच्या यादीत दोरखंड आणि मशालींच्या खाली लिहून ठेवलंय: झारी, १.